विहिरींच्या वह्या वेबवर टाकल्या, त्याची गोष्ट

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या डिपार्टमेंटला तीस वर्षांचा पावसाचा डेटा कपाटात पडून आहे आणि "तू ते विहिरींच्या वेबसाईटचं कसं केलंस सांग ना" म्हणाली. सांगायला घेतलं तर पाऊण तास झाला आणि मी अजून कॉलेजच्या फायरवॉलपर्यंत (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) पोचलेच नव्हते. म्हणून लिहूनच टाकते, तारखांसकट, म्हणजे कोणाला करायचं असेल तर निदान कुठे खड्डे आहेत ते तरी कळेल.

आधी हे सांगते की मी भूगोलाची. एमएस्सीला जीआयएस (काँप्युटरवरचे नकाशे) करताना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जेवढी आली तेवढीच येते, तेही गुगल करत करत. सर्व्हर वगैरेला तोवर कधी हात लावलेला नव्हता.

तर, आमचे सर (मी त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच खुर्चीत बसते) १९९७ पासून सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यातल्या ८६ विहिरींची पाणीपातळी मोजत आले. वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबर. टेप, टेपच्या टोकाला वजन, आणि वही. सर रिटायर झाल्यावर मुलांना घेऊन आम्ही चालू ठेवलं, २०२३ पर्यंत. आता सरकारी निरीक्षण विहिरी असतातच, केंद्रीय भूजल मंडळवाले तर वर्षातून चार वेळा मोजतात, पण त्या विरळ असतात. एकाच गावात ओढ्याकाठची विहीर मे महिन्यात पाणी धरून आहे आणि माळावरची तेव्हा कोरडी, हे बघायचं तर अशाच वह्या लागतात. आणि त्या वह्या एका लोखंडी कपाटात होत्या, त्याच्या खालच्या कप्प्यात वाळवी लागलेली.

२० जून २०२४. कपाट रिकामं केलं. १९९७ ते २००८ च्या बारा वह्या, २००९ पासून पुढे एक्सेल, आणि विहिरींची माहिती (गाव, खोली, बांधकाम, खडक, शेरा) २०१० साली कुठल्यातरी डीटीपी सेंटरमधून टाईप करून घेतलेली वर्डची फाईल. मला वाटलं दोन महिन्यांचं काम आहे.

जुलै: टायपिंग

वह्या टाईप करायला दोन मुलं घेतली. नोंदीला ३ रुपये ठरवले. आणि एक गोष्ट मी बरोबर केली ती म्हणजे दोघांना सगळ्या वह्या वेगवेगळ्या टाईप करायला लावल्या, एकमेकांचं न बघता. साधारण १,९०० नोंदी, दोनदा, म्हणजे ११,४०० रुपये, माझ्या खिशातून, कारण सरांचा प्रोजेक्ट केव्हाच बंद झालेला. मग दोन्ही फाईली शेजारी ठेवून जिथे जुळत नाही तेवढंच वहीत जाऊन बघायचं. १४३ ठिकाणी फरक निघाला. एकदाच टाईप केलं असतं तर यातल्या निम्म्या चुका तरी तशाच राहिल्या असत्या आणि मला कधी कळलंही नसतं. पैसे कमी असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

सरांचे शॉर्टफॉर्म हा वेगळाच विषय. 'को.' म्हणजे काय? मुलांनी सगळीकडे शून्य घातलेलं. मी सरांना फोन केला तर म्हणाले, "अगं, को. म्हणजे कोरडी. आणि को.ना. म्हणजे कोणी नाही, मळ्यात माणूसच भेटला नाही म्हणून मोजलं नाही." आता बघा, पाणीपातळी आपण जमिनीपासून खाली मोजतो. म्हणजे शून्य लिहिलं तर विहीर काठोकाठ भरलेली! कोरडी, न मोजलेली आणि भरलेली या तीन गोष्टी एकाच रकान्यात शून्य म्हणून बसलेल्या. तेव्हापासून आकड्याच्या शेजारी 'स्थिती' असा वेगळा कॉलम केला: मोजली, कोरडी, मोजली नाही. कोरडी असेल तर आकड्याची जागा रिकामी.

पहिल्या दोन वह्यांत काही ठिकाणी तर परस होते. 'दीड परस पाणी', शेतकऱ्यानं सांगितलं तसं लिहिलेलं. परस म्हणजे ढोबळ एका माणसाच्या उंचीएवढं, आता त्याचे मीटर कसे करणार? मी नाही केले. 'वहीतली मूळ नोंद' असा एक कॉलम ठेवला आणि त्यात जे लिहिलंय तेच, अक्षरशः. हा कॉलम मी नंतर पुष्कळदा कपाळाला लावलाय.

ऑगस्ट: साफसफाई

हा महिना सगळ्यात वाईट गेला.

वर्डची फाईल उघडली तर मराठी दिसत होतं, पण ते युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हतं, जुना फॉन्ट होता. फॉन्ट बदलला की 'गाव' च्या जागी एक्स, के, ओ. ज्यांनी ऑफिसात काम केलंय त्यांना हे माहितीये. कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात, मी दोन-तीन वापरून बघितले, आणि प्रत्येकाचं कुठेतरी अडतं. कारण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे 'शिंगणापूर' बरोबर येतो आणि 'मार्डी' चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. शेवटी कन्व्हर्टरमधून काढून ८६ ओळी मी डोळ्यांनी वाचल्या. दोन संध्याकाळी गेल्या, पण ८६ च होत्या म्हणून.

अजून एक बारीक गंमत 'शेतकऱ्याची' मधल्या 'ऱ्या' ची. दिसायला एकच, पण काँप्युटरच्या आत तो दोन प्रकारांनी लिहिला जातो, एकात नुक्तावाला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सगळे एकाच प्रकाराला आणून ठेवले.

आकड्यांचं तर विचारूच नका. एका मुलानं मराठी कीबोर्डवरून टाईप केलेलं, म्हणजे ४.५ हा आकडा देवनागरीत. मी तपासायला पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, आणि पायथन इतका शहाणा की देवनागरी आकडे त्याला बरोबर कळतात, काही तक्रार करत नाही. म्हणून मला वाटलं सगळं छान आहे. तोच डेटा डेटाबेसमध्ये टाकून सरासरी काढली तर मे २००३ मध्ये, आमच्याकडच्या ऐन दुष्काळात, २२ विहिरी तुडुंब! एसक्यूलाईटला (म्हणजे त्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला) देवनागरी आकडे म्हणजे नुसतं लिखाण, त्याची किंमत तो शून्य धरतो. मी त्या आलेखाकडे बघत बसले होते आणि खरं सांगते, पाच मिनिटं मला वाटलं सरांनीच काहीतरी चुकीचं लिहिलंय.

तारखांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००९ ते २०१४ च्या एक्सेलमध्ये वर्ष, महिना बघितला तर असं दिसत होतं की आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला विहिरी मोजत होतो. ५ जानेवारी, ५ फेब्रुवारी, अगदी ५ डिसेंबर. आणि तसंच दर महिन्याच्या १० तारखेला. इतकं शिस्तीचं काम आमच्याकडून होणं शक्यच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: ज्या काँप्युटरवर फाईल भरली त्याचं सेटिंग अमेरिकन होतं, आधी महिना मग दिवस. ३ मे चा झाला ५ मार्च, ७ ऑक्टोबरचा झाला १० जुलै. १२ तारखेनंतरच्या मात्र बरोबर, कारण तेरावा महिना नसतो म्हणून एक्सेलनं त्या तारीख न मानता तशाच लिखाण म्हणून ठेवून दिल्या. म्हणजे अर्धी शीट तारखा, अर्धी शीट मजकूर. आमचं मोजणं मे आणि ऑक्टोबरातच असतं हे माहीत होतं म्हणून सुटलं. तुमचा डेटा रोजचा असेल तर देवच वाली.

गावांची नावं: 'गोंदवले बु.', 'गोंदवले बुद्रुक', 'गोंदवले (बु)', आणि एके ठिकाणी नुसतंच 'गोंदवले', आता बुद्रुक का खुर्द? 'वरकुटे' लिहिलंय, पण वरकुटे-मलवडी का वरकुटे-म्हसवड? यासाठी २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी गाव कोड प्रत्येक विहिरीला लावला. नाव कसंही लिहा, कोड एकच. हे काम कंटाळवाणं आहे पण त्यानंतर नावांची भानगड कायमची संपली.

आणि जीपीएस. नकाशावर टाकलं तर तीन विहिरी नॉर्वेच्याही वर, आर्क्टिक समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल, ती लगेच दिसते, हसून दुरुस्त होते. वाईट ती जी दिसत नाही. खटावच्या ११ विहिरी कडेगावच्या बाजूला सरकलेल्या होत्या, साधारण ३८ किलोमीटर. विहीर नैऋत्येला चालत गेली काय? मग लक्षात आलं की या अकराही विहिरींच्या आकड्यात दशांशानंतरचे दोन अंक कधीच ५९ च्या वर जात नाहीत. म्हणजे ते दशांश नाहीतच, अंश आणि मिनिटं आहेत. १७ अंश ४१ मिनिटं, टाईप केलेलं १७.४१, व्हायला हवं होतं १७.६८. तुमच्याकडे जुने जीपीएस आकडे असतील तर ही ५९ ची युक्ती लक्षात ठेवा.

शेवटी हाताशी आल्या ४,२१८ नोंदी. एवढ्या मरमरीनंतर फाईलचा साईज दोन एमबी पण नाही!

गणपतीची सुट्टी: ॲप

७ सप्टेंबरला गणपती बसले आणि मला पाच दिवस मोकळे मिळाले. आधी वाटलं होतं की वेबसाईट कोणाकडून तरी बनवून घ्यावी लागेल, एका ठिकाणी विचारलं तर त्यांनी लॉगिन, डॅशबोर्ड, मोबाईल ॲप असं करत ८५,००० सांगितले. मग एका जुन्या विद्यार्थ्यानं 'डेटासेट' नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर सुचवलं. सायमन विलिसन नावाच्या माणसानं २०१७ मध्ये काढलेलं, ओपन सोर्स. नाव असं आहे की कोणाला सांगताना गोंधळ होतो, 'कॅसेट' सारखं म्हणायचं. काम सोपं आहे: तुमच्याकडे एसक्यूलाईटची एक फाईल असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडून देतो. टेबल दिसतं, गाळता येतं, बाजूला आपोआप मोजणी येते की या गावाच्या एवढ्या नोंदी, या वर्षाच्या एवढ्या, आणि जे गाळलं ते सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) म्हणून उतरवून घेता येतं. आम्हाला याच्यापेक्षा जास्त काही नकोच होतं.

लॅपटॉपवर बसवायला, खरं सांगते, एक संध्याकाळ लागली. पायथन होतंच, एक कमांड बसवायला, एक सीएसव्हीचा डेटाबेस करायला, एक चालू करायला, आणि ८००१ पोर्टवर (पोर्ट म्हणजे काँप्युटरचं नंबर दिलेलं दार) विहिरी दिसायला लागल्या. मी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली छान आहे, मोदक गार होतायत.

नकाशाचा प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) वेगळा बसवावा लागतो. तो टेबलात लॅटिट्यूड आणि लाँगिट्यूड या नावाचे कॉलम शोधतो. मी हौसेनं 'अक्षांश' आणि 'रेखांश' ठेवलेले आणि अर्धा दिवस नकाशा का येत नाही म्हणून प्लगइन काढ-घाल करत बसले. ते दोन कॉलम इंग्रजीत ठेवा, बाकी सगळं मराठीत चालतं.

आता सर्च. शेरा या कॉलममध्ये शोधता यावं अशी माझी फार इच्छा होती, कारण सरांचे शेरे म्हणजे खजिना आहे. 'मोटार जळली', 'गाळ काढला', 'शेजारी बोअर पाडला ३०० फूट', 'जनावरं छावणीत'. शोधाची सोय चालू केली, 'पाणी' टाईप केलं, आणि पहिल्याच पानावर आलं 'मालक पुणे येथे'.

मी परत टाईप केलं. परत पुणे.

रात्री साडेअकरापर्यंत वाचत बसल्यावर कारण कळलं आणि ते इतकं मजेशीर आहे की वर्गात सांगते मी आता. एसक्यूलाईट शोधासाठी वाक्याचे शब्द तोडतो तेव्हा फक्त अक्षरं आणि आकडे शब्दात धरतो, बाकी सगळं म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा. आणि युनिकोडच्या हिशोबात आपला काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. मग 'पाणी' मधला काना आणि वेलांटी गेली, उरले 'प' आणि 'ण'. 'पुणे' मधला उकार आणि मात्रा गेली, उरले 'प' आणि 'ण'. झालं, त्याच्या दृष्टीनं पाणी आणि पुणे एकच! 'मोट' शोधली तर सगळ्या जळलेल्या मोटारी हजर. उपाय त्यांच्याच कागदपत्रांत लिहिलेला आहे: शोधाचं टेबल बनवताना कुठल्या प्रकारची चिन्हं शब्दात धरायची ते सांगता येतं, त्यात एम-एन आणि एम-सी हे दोन प्रकार घालायचे. मी ते टेबल सरळ हातानं एसक्यूएल लिहून बनवलं. एक ओळ फक्त. पण मराठी डेटावर काम करणारा हरेक जण इथे येऊन आपटणार, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

सप्टेंबर ते डिसेंबर: परवानगी

१८ सप्टेंबरला अर्ज दिला. मा. प्राचार्य यांस, विभागप्रमुखांमार्फत, विषय: संशोधन माहिती संकेतस्थळासाठी सर्व्हरवर जागा व सबडोमेन मिळणेबाबत. (सबडोमेन म्हणजे कॉलेजच्या वेबपत्त्यातलाच एक उपपत्ता.) आवक-जावकला जाऊन नंबर घेतला आणि झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला. हे नक्की करा, कारण ९ ऑक्टोबरला चौकशी केली तेव्हा अर्ज 'आलाच नाही' होता, झेरॉक्स दाखवल्यावर आला.

काँप्युटर विभागातले सर चांगले आहेत, पण त्यांचे प्रश्न रास्त होते आणि मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. सिक्युरिटी ऑडिट कोण करणार? बाहेरून कोणी डेटा बदलला तर? बॅकअप? तुम्ही नसाल तेव्हा बघणार कोण? त्यातलं डेटा बदलण्याचं तरी सोपं निघालं, फाईल फक्त वाचण्यापुरती उघडता येते, लिहायची सोयच नाही. ऑडिटसाठी सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) यादीतल्या कंपनीकडून कोटेशन मागवलं ते ४०,००० च्या वर गेलं, ते ऐकून मीटिंगमध्ये सगळे गप्प. शेवटी ठरलं की लॉगिन नाही, फॉर्म नाही, काही भरून घेत नाही, तर आपल्याच काँप्युटर विभागानं तपासून लेखी द्यावं.

अर्ज कमिटीपुढे ठेवायचा म्हणून अडला होता, तिथे कोणीतरी सुचवलं की हे नॅकला (कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था) दाखवता येईल. त्या दिवसापासून फाईल पळायला लागली. मी काही बोलले नाही.

पण १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. सर्व्हरला एक एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) हवी होती, तिची खरेदी थांबली. आमच्यासारख्या कॉलेजला ती लागू होते की नाही यावर मी ऑफिसशी वाद घातला नाही, कारण तोवर मलाच इलेक्शन ड्युटीची ऑर्डर आली होती. २० नोव्हेंबरला मतदान झालं, त्याच्यानंतरच गाडी हलली.

मधल्या काळात हात शिवशिवत होते म्हणून मी स्वतःच्या पैशानं एक छोटा क्लाउड सर्व्हर घेतला. एक जीबी रॅम, महिन्याला ४८० अधिक जीएसटी, ५६६ रुपये. तीन महिने ठेवला. आमच्यासारख्या डेटाला तेवढा पुष्कळ होतो. पहिल्या दिवशी ॲप चालू केलं, सरांना लिंक पाठवली आणि लॅपटॉप मिटून झोपले. सकाळी सरांचा मेसेज, "उघडत नाही." टर्मिनल बंद केलं की त्यातून चालू केलेलं ॲपही बंद पडतं, हे शेंबड्या पोराला माहीत असेल, मला नव्हतं. त्याला सर्व्हिस म्हणून नोंदवावं लागतं, मग सर्व्हर बंद-चालू झाला तरी आपोआप उठतं.

नोव्हेंबर: माझी चूक

हे लिहू का नको असं झालं होतं, पण लिहिते.

विहीर मालकांची नावं, गट नंबर आणि मोबाईल नंबर यांचं वेगळं टेबल होतं. आम्हाला फोन करून जायला लागायचं म्हणून ते जमवलेले. ते जगाला दाखवायचं नाही हे मला कळत होतं, आणि सेटिंगमध्ये टेबल 'लपवा' असा पर्याय होता, तो लावला. यादीतून टेबल गेलं. मी निश्चिंत.

चार दिवसांनी त्याच जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला, "मॅडम, खाली डाउनलोडची लिंक आहे ती बघा." फाईल फक्त-वाचण्यासाठी अशी उघडली की डेटासेट तिची अख्खी फाईल उतरवून घ्यायची लिंक देतो. आणि फाईलमध्ये सगळं होतं. लपवलेलं म्हणजे यादीत न दिसणारं, एवढाच त्याचा अर्थ, पत्ता माहीत असेल तर टेबलसुद्धा थेट उघडत होतं. माझे हातपाय गार पडले. साईट लगेच बंद केली. लॉग बघितला, चार दिवसांत ती लिंक दोघांनीच वापरली होती, मी आणि तो.

मग टेबलच उडवलं आणि फाईल परत चढवणार, तेवढ्यात त्यानं सांगितलं आधी फाईलमध्ये नंबर शोधून बघा. लिनक्समध्ये फाईलमधला वाचता येणारा मजकूर काढायची कमांड असते, ती चालवली, आणि नंबर आहेतच की आत! एकाखाली एक, व्यवस्थित. एसक्यूलाईटमध्ये टेबल उडवलं तरी ती पानं फाईलमध्ये नुसती 'मोकळी' म्हणून पडून राहतात, त्यावरचं लिखाण पुसलं जात नाही. 'व्हॅक्युम' ही कमांड दिली की फाईल नव्यानं लिहिली जाते आणि मग ते जातं. व्हॅक्युम केलं, परत शोधलं, तेव्हा गेलं.

आता माझा नियम: खासगी माहिती त्या फाईलमध्ये कधी शिरतच नाही. मूळ डेटाबेस घरी, आणि वेबची फाईल दर वेळी नवीन बनवायची, त्यात हवे तेवढेच कॉलम कॉपी करायचे. अक्षांश-रेखांश पण दोन दशांशांपर्यंतच ठेवले, म्हणजे विहीर एखाद किलोमीटर इकडे-तिकडे दिसते. गाव कळतं, कोणाचा मळा ते कळत नाही. निदान मला तसं वाटलं होतं.

डिसेंबर, जानेवारी

१२ डिसेंबरला सबडोमेन मिळालं. एसएसडी २३ तारखेला. एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून फुकट मिळतं, ९० दिवसांचं, आपोआप रिन्यू होतं. पण ते द्यायच्या आधी आपलं डोमेन खरंच आपलं आहे का हे ते ८० नंबरच्या पोर्टवर येऊन तपासतात आणि आमच्या फायरवॉलला बाहेरून ८० बंद होतं. मी कमांड परत परत मारत राहिले, पाचदा चुकल्यावर त्यांनी तासभर थांबा म्हणून सांगितलं. त्यापेक्षा पहिल्याच चुकीला एरर नीट वाचली असती तर. ८० उघडायला परत अर्ज, परत आवक क्रमांक. सात दिवस.

जानेवारीत साईट रोज दुपारी मरायची. लोक बघतायत म्हणून मी खूश, तर लोक कुठले, सर्च इंजिनचे आणि कसले कसले बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम). डेटासेटमध्ये गाळण्याच्या प्रत्येक पर्यायाला वेगळी लिंक असते, ८६ विहिरी गुणिले वर्षं गुणिले हंगाम गुणिले खडक, बॉट बिचारा त्या चक्रव्यूहात शिरतो आणि बाहेर येत नाही. बॉटना मज्जाव करणारा छोटा प्लगइन मिळतो तो टाकला, जे ऐकत नाहीत त्यांचा वेग ॲपच्या पुढे बसवलेल्या वेब सर्व्हरवरच कमी केला. सगळ्या डेटाची एक सीएसव्ही प्रत झेनोडो या संशोधनाच्या डेटासाठीच्या साईटवर पण ठेवली, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, उद्या आमचा सर्व्हर बसला तरी डेटा राहील.

३ फेब्रुवारी २०२५ ला लिंक सगळ्यांना पाठवली. सरांनी मोबाईलवर उघडली, स्वतःच्या १९९७ च्या नोंदी बघितल्या आणि म्हणाले, "तारीख चुकलीये. त्या दिवशी मी म्हसवडला होतो." चुकलीच होती. दुरुस्त केली.

त्यानंतर आठवडाभरानं एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मॅडम, ते विहिरींचं तुम्हीच केलंय ना? विहीर नंबर ४२ आमची." मी विचारलं, नाव तर कुठे नाहीये, कसं ओळखलंत? तर म्हणाला, "ते शेऱ्यात लिहिलंय की, मे २००३, तळ दिसतो, बैल विकले. आमचेच बैल ते. मी तेव्हा आठवीत होतो."

मी गप्पच झाले. नाव काढलं, नंबर काढला, गट नंबर काढला, विहीर किलोमीटरभर सरकवली, आणि शेरा तसाच. विचारलं, "दादा, काढून टाकू का तो शेरा?"

"नाही नाही, राहू द्या. आजोबांना वाचून दाखवला मी. पण पुढचं चुकलंय तुमचं. ती विहीर आम्ही २०१८ ला बुजवली. तुम्ही २०२३ पर्यंत पाणी कुठनं मोजलंय?"

दहा नोंदी. २०१९ ते २०२३, मे आणि ऑक्टोबर. मुलांनी बहुतेक शेजारच्या नव्या विहिरीत टेप सोडली असणार, तीही वडाखालीच आहे म्हणे. सध्या त्या दहा नोंदींपुढे 'विहिरीची खात्री नाही' असं लिहून ठेवलंय. सरांना सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले, मग म्हणाले, "रविवारी जाऊन येऊ. तुझी टेप नको घेऊ, माझ्याकडे आहे."